बंद पुस्तक, कोरा कागद : दहावीच्या पेपरांविषयी वाचकांचे प्रश्न

पूर्वपरीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे परीक्षेचीच असतात. यंदाही राज्य मंडळाच्या दहावीबद्दल सर्वांत जास्त विचारणा झाली आहे, शिष्यवृत्ती परीक्षेबद्दलही एक पत्र आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी दहावीत आहे. धडा दोन-तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत पेन फिरवते. वाचताना सगळे समजते, पण चाचणीत उत्तर ओठांवर येऊन अडते. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? – एक विद्यार्थिनी, बार्शी

स्मरणशक्तीला दोष देऊ नकोस, तिला सराव वेगळ्याच कामाचा मिळाला आहे. वाचताना उत्तर डोळ्यांसमोर असते. तिसऱ्यांदा वाचताना ते ओळखीचे वाटते आणि 'मला हे येते' असे मन सांगते. परीक्षेत मात्र ओळखायचे नसते. पुस्तक समोर नसताना आठवून लिहायचे असते, आणि हे काम तू घरी एकदाही केलेले नसते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमके हेच तपासले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

विज्ञान भाग २ मधला आनुवंशिकतेचा पहिला धडा घेऊन बघ. प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण एवढाच भाग पंधरा-वीस मिनिटे नीट वाच आणि पुस्तक मिटून बाजूला ठेव. कोऱ्या कागदावर आठ-दहा मिनिटांत आठवेल ते सगळे लिही, आकृतीसह. अडलीस तरी पुस्तक उघडू नकोस, रिकामी जागा सोडून पुढे जा. वेळ संपली की पुस्तक उघड आणि सुटलेले मुद्दे वेगळ्या रंगाच्या शाईने भर. या भागात मुलांकडून हमखास सुटतात ते मुद्दे असे : एम-आरएनए तयार होताना थायमिनच्या जागी युरॅसिल येते, एक कोडॉन तीन न्यूक्लिओटाइडांचा असतो, टी-आरएनएवर कोडॉनला पूरक असा अँटिकोडॉन असतो, आणि रायबोसोम एम-आरएनएवर एकेका ट्रिप्लेट कोडॉनच्या अंतराने पुढे सरकतो. तुझ्या कागदावर दुसऱ्या रंगात जे उतरेल, तोच तुझा पुढचा अभ्यास. बाकीचे पुन्हा वाचण्यात वेळ घालवायचा नाही.

हाच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा लिहायचा. दर वेळी सुरुवात कोऱ्या कागदानेच करायची, आधी 'एकदा नजर टाकू' असे नको. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच मोजून दाखवले होते, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. वहीच्या शेवटच्या पानावर धड्याचे नाव आणि पुढे चार तारखांचे रकाने आखून ठेव, म्हणजे कोणता भाग कधी करायचा हे रोज शोधत बसावे लागणार नाही.

पहिले काही दिवस कागद अर्धा कोरा राहील आणि वाईट वाटेल. तिथे थांबून पुन्हा वाचनाकडे वळू नकोस. आठवताना जो ताण पडतो, त्यातूनच ते पक्के होते. आणि गाइडमधली उत्तरे बघून वहीत उतरवणे बंद कर. त्यात हात दमतो आणि अभ्यास झाल्याचे खोटे समाधान मिळते.

प्रश्न : मुलाला गणित येते, घरी उदाहरणे सुटतात. तरी बीजगणित आणि भूमिती दोन्हींत शेवटचे प्रश्न राहून जातात. वेळेचे गणित कसे बसवावे? – एक पालक, चिपळूण

गणिताचा प्रत्येक भाग ४० गुणांचा आणि वेळ दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. ही वेळ कमी नाही, ती खर्च मात्र चुकीच्या जागी होते. प्रश्नपत्रिकेची रचना मुलाला तोंडपाठ हवी. पहिला प्रश्न ८ गुणांचा : चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा : तीनपैकी दोन कृती आणि पाचपैकी चार उदाहरणे. तिसरा ९ गुणांचा : दोनपैकी एक कृती, चारपैकी दोन उदाहरणे. चौथ्यात चार गुणांची तीनपैकी दोन, आणि पाचव्यात तीन गुणांचे दोनपैकी एक. सगळे मिळून ६० गुणांचे छापलेले असते आणि ४० चे सोडवायचे असते.

घरी घड्याळ लावून असे बसवा : पहिला प्रश्न १५ मिनिटे, दुसरा ३०, तिसरा ३०, चौथा ३०, पाचवा १०. उरलेली पाच मिनिटे आणि मंडळ २०२३ पासून शेवटी देत असलेली दहा मिनिटे तपासणीसाठी. ही दहा मिनिटे पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला आधी मिळत, आता ती शेवटी मिळतात. त्यामुळे पर्याय निवडण्यात सुरुवातीला फार वेळ घालवू नये. तीन-चार मिनिटांत पेपर चाळून कोणती उपउदाहरणे गाळायची ते मनाशी ठरवायचे, प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचे नाही.

वेळ जातो तो तीन ठिकाणी. एक, दोन गुणांच्या उदाहरणात अडकून दहा मिनिटे झुंजणे. नियम ठरवून द्या : सहा मिनिटांत वाट दिसली नाही तर जागा सोडून पुढे. दोन, 'पाचपैकी चार' मध्ये पाचही सोडवणे. एखाद्याबद्दल शंका असेल तरच जास्तीचे सोडवावे, तेही सगळ्यात शेवटी. तीन, कृतींची भीती. 'कृती पूर्ण करा' यात पायऱ्या छापलेल्याच असतात, फक्त चौकटी भरायच्या असतात. हे पेपरातले सर्वांत सोपे गुण आहेत. मात्र संपूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवून चौकटी भराव्यात, नुसती चौकटींतली उत्तरे ओळीने लिहू नयेत.

येत असूनही चुकते ते बहुतेक चिन्हांत. २क्ष² − ५क्ष − ३ = ० हे वर्गसमीकरण बघा. विवेचक काढताना शेवटचे पद ऋण आहे हे विसरून मुले २५ − २४ = १ लिहितात. खरे आहे २५ + २४ = ४९, आणि मुळे येतात ३ व −१/२. तपासायला अर्धे मिनिट पुरते : ३ ठेवून बघा, १८ − १५ − ३ = ०. वर्गसमीकरणे, एकसामयिक समीकरणे आणि अंकगणिती श्रेढी या तिन्हींत उत्तर मागे ठेवून पडताळता येते. ही सवय लागली तर चूक पेपरातच सापडते.

भूमितीत रचनांचे गुण हातातून जाऊ देऊ नका. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढण्याचा सराव ३ सेमी त्रिज्या आणि केंद्रापासून ५ सेमी अंतरावरचा बिंदू घेऊन करा. केंद्र व तो बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, त्याचा मध्यबिंदू केंद्र धरून मूळ वर्तुळाच्या केंद्रातून जाणारे वर्तुळ काढायचे, दोन्ही वर्तुळे छेदतात ते स्पर्शबिंदू. स्पर्शिकाखंडाची लांबी मोजली तर पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे बरोबर ४ सेमी भरली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडत असेल तर कंपास ढिला आहे किंवा पेन्सिलीला टोक नाही. स्क्रू आवळून घ्या. कच्ची आकृती काढावी, रचनेचे कंस खोडू नयेत : ते दिसले नाहीत तर रचना केली याचा पुरावाच उरत नाही.

प्रश्न : विज्ञानात 'शास्त्रीय कारणे लिहा' याला अर्धे पान लिहितो, तरी दोनपैकी एकच गुण मिळतो. – एक विद्यार्थी, परभणी

परीक्षक ओळी मोजत नाहीत, कारणांची साखळी शोधतात. 'तारे लुकलुकतात, पण ग्रह लुकलुकत नाहीत' हे घे. बहुतेक मुले 'वातावरणातील अपवर्तनामुळे' एवढे लिहून तेच तीनदा फिरवतात. हवे ते असे : वातावरणाच्या थरांची घनता आणि तापमान सतत बदलते, म्हणून हवेचा अपवर्तनांकही बदलत राहतो. तारे फार दूर असल्याने बिंदुस्रोतासारखे असतात, त्यामुळे त्यांची आभासी जागा आणि तेज सतत बदलताना दिसते. ग्रह तुलनेने जवळ आहेत, ते अनेक बिंदुस्रोतांच्या समूहासारखे असतात, आणि सगळ्या बिंदूंच्या तेजातला बदल एकमेकांत विरून सरासरी तेवढीच राहते. तीन वाक्ये झाली. ग्रहांचा अर्धा भाग गाळला म्हणजे अर्धे गुण गेले. प्रश्नात 'पण' असेल तर उत्तराला दोन बाजू असतात, हे लिहिण्याआधीच बघायचे.

उदाहरणांत एककाची चूक सर्वांना भोवते. भिंगाचे नाभीय अंतर २० सेमी असेल तर शक्ती काढताना ते आधी मीटरमध्ये घ्यायचे : १ भागिले ०.२, म्हणजे ५ डायॉप्टर. सेंटिमीटरच ठेवले तर ०.०५ येते आणि सगळी पद्धत बरोबर असूनही उत्तर जाते. 'दिलेले', 'सूत्र', 'किमती घालून' आणि 'एककासह उत्तर' अशा चार ओळी पाडल्या तर शेवटी आकडेमोड चुकली तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण मिळू शकतात.

या पेपरात १५ गुण आठपैकी पाच सोडवायच्या तिसऱ्या प्रश्नावर आहेत. पाच गुणांच्या चौथ्या प्रश्नाची धास्ती घेऊन आधी तोच लिहायला बसू नये.

प्रश्न : भूगोलात नकाशाचे गुण पैकीच्या पैकी कसे मिळवावेत? – एक विद्यार्थिनी, गोंदिया

दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील या दोनच देशांचा आहे, त्यामुळे तयारी आटोक्यातली आहे. दोन्ही देशांचे कोरे नकाशे आणून आठवड्यातून दोनदा, पुस्तक न बघता भर. नुसते नाव लिहिणे आणि ठिपका योग्य जागी देणे यांत फरक आहे. ब्राझीलिया ही राजधानी मुले सवयीने किनाऱ्यावर टाकतात, ती अंतर्भागातल्या उच्चभूमीवर आहे. माराजो बेट ॲमेझॉनच्या मुखाशी, पिको दी नेब्लिना हे शिखर अगदी उत्तरेला व्हेनेझुएलाच्या सीमेजवळ. नदी रेषेने, प्रदेश छटेने, शहर ठिपक्याने दाखव आणि प्रत्येक चिन्हाची सूची दे. सूची नसेल तर बरोबर ठिकाणाचेही गुण अडचणीत येतात. आलेखात शीर्षक, दोन्ही अक्षांची नावे आणि प्रमाण लिहायला विसरू नकोस. नकाशा आणि आलेख मुख्य उत्तरपत्रिकेला बांधल्याची खात्री पर्यवेक्षक येण्याआधी तूच कर.

प्रश्न : मराठी मातृभाषा असूनही ८० पैकी ६० च्या पुढे गुण जात नाहीत. कुठे कमी पडते? – एक विद्यार्थी, डोंबिवली

कृतिपत्रिकेचे विभाग समोर ठेव : गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४. मुले धडे-कवितांवर जीव तोडून मेहनत घेतात आणि भाषाभ्यास 'येतोच की' म्हणून सोडून देतात. तिथले १६ गुण गणितासारखे आहेत, बरोबर असेल तर पूर्ण मिळतात. समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, विरामचिन्हे यांची रोज दहा मिनिटांची उजळणी दोन महिने केली तर हा विभाग हमखास हाताशी येतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र वाचून सुटत नाहीत. घरात कुणाकडून तरी रोज पाच ओळी शुद्धलेखन घालून घे, आणि चुकलेला शब्द वाक्यात वापरून लिही.

दुसरी गळती वेळेची आहे. तीन तासांत ८० गुण, म्हणजे उपयोजित लेखनाच्या २४ गुणांना जवळजवळ ५४ मिनिटे हवीत. प्रत्यक्षात शेवटची पंचवीस मिनिटे उरतात आणि निबंध एका पानात आवरतो. पहिले चार विभाग दोन तास पाच मिनिटांत संपवण्याचा सराव कर. पत्रात प्रश्नात दिलेलेच नाव आणि पत्ता वापरायचा, स्वतःचे नाव किंवा शाळा कुठेही येता कामा नये. मागणीपत्र आहे की विनंतीपत्र, हे ठरल्याशिवाय मायना लिहू नकोस. मागणीपत्रात वस्तू आणि नग नेमके लिहावे लागतात, विनंतीपत्रात कारण पटवावे लागते. बातमीला मथळा, स्थळ आणि दिनांक हवा, आणि ती घडून गेलेल्या घटनेची असते. उद्या होणाऱ्या कार्यक्रमाचे निवेदन लिहिले की ती बातमी राहत नाही.

प्रश्न : पेपर हातात आला की हातपाय गार पडतात, पहिली दहा मिनिटे काही सुचत नाही. – एक विद्यार्थिनी, कणकवली

हे पुष्कळ मुलांना होते आणि त्यावर घरीच सराव करता येतो. पेपर मिळाल्यावर श्वास नाकाने घे आणि घेतला त्यापेक्षा दुप्पट वेळ लावून सोड. असे पाच-सहा वेळा, जेमतेम एक मिनिट लागते आणि छातीची धडधड उतरू लागते. मग मोठा प्रश्न न बघता येणाऱ्यातल्या येणाऱ्या एका गुणाच्या प्रश्नावर पेन टेकव. पहिली दोन उत्तरे लिहून झाली की पुढची वाट सापडते.

खरा उपाय मात्र आधीचा आहे. पूर्वपरीक्षेनंतर प्रत्येक विषयाचा निदान एक पेपर सकाळी ११ वाजता, टेबल-खुर्चीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, मध्ये न उठता पूर्ण सोडव. घरच्यांनी त्या वेळी चहा-पाणीही विचारू नये. शरीराला तो प्रसंग ओळखीचा झाला की भीती बरीच ओसरते. पेपर सुटल्यावर फाटकापाशी उत्तरे जुळवत उभी राहू नकोस. झालेला पेपर बदलत नाही आणि पुढच्याची उजळणी बिघडते. झोप लागेनाशी झाली, जेवण सुटले, रडू आवरत नाही असे काही दिवस सलग होत असेल, तर आई-बाबांना आणि वर्गशिक्षकांना लगेच सांग, समुपदेशकाकडे जायला संकोचू नकोस.

प्रश्न : आदल्या रात्री जागून अभ्यास केलेला चालतो का? नातवाला सोबत काय द्यावे? – एक आजोबा, सातारा

जागू देऊ नका. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते, शिवाय जागरणानंतर चिन्हांच्या आणि वाचनाच्या चुका वाढतात. रात्री साडेदहापर्यंत फक्त दुसऱ्या रंगाच्या शाईतले सुटलेले मुद्दे बघून झोपावे.

सामान रात्रीच भरा : प्रवेशपत्र, निळ्या किंवा काळ्या शाईची एकाच रंगाची तीन चालू पेने, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी, कंपासपेटी, साधे काट्याचे घड्याळ आणि पाण्याची बाटली. सकाळच्या पेपरला साडेदहापर्यंत दालनात बसलेले असावे लागते. केंद्र आधी एकदा बघून या, बसची वेळ धरून. नाश्त्याला रोजचेच पोहे, उपमा, पोळी-भाजी द्या, नवे किंवा तेलकट काही नको. उत्तरपत्रिका मिळाल्यावर बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत लिहून, बारकोडचे स्टिकर नेमून दिलेल्या जागीच लागले आहे ना, हे त्याने बघावे. प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर सुरू करावा, पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर नोंदवावी.

प्रश्न : मुलगी शिष्यवृत्तीला बसते आहे. उत्तरे येतात, पण गोल रंगवताना घोळ होतो. – एक पालक, बेळगाव जिल्ह्यालगतचे एक गाव, कोल्हापूर

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या या परीक्षेत एका पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास असतो, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सगळ्यात मोठा घोळ ओळ सरकण्याचा : एक प्रश्न सोडून दिला, पण त्याचा गोल सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरे एका ओळीने चुकतात. उपाय असा : डाव्या हाताचे बोट उत्तरपत्रिकेवरच्या प्रश्नक्रमांकावर ठेवून, क्रमांक मनात म्हणत गोल भरायचा, आणि दर दहा प्रश्नांनंतर क्रमांक जुळतो का ते बघायचे. 'शेवटी एकदम भरू' असे कधीच नको.

गोल बॉलपेननेच, पूर्ण आणि कडेबाहेर न जाता भरावा. एकदा भरलेला बदलता येत नाही, म्हणून आधी उत्तर प्रश्नपुस्तिकेत ठरवावे. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न असतात. भाषा २५ मिनिटांत उरकली तर गणिताला ६५ मिनिटे मिळतात. कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून घरातला प्रत्येक सराव त्यावरच करून घ्या.

प्रश्न : निकालात एका विषयात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण आले तर काय करता येते? – एक पालक, जळगाव

तीन वेगळ्या सोयी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढेच बघतात. छायाप्रतीत तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुम्हाला मिळते. पुनर्मूल्यांकनात उत्तरे पुन्हा तपासली जातात, पण त्यासाठी आधी छायाप्रत घेतलेली असणे आवश्यक असते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून ठरावीक मुदतीत करायचे असतात, आणि निकालाच्या गडबडीत ती मुदत हुकते. म्हणून निकालाच्या दिवशीच मंडळाच्या प्रकटनातल्या तारखा लिहून ठेवा.

छायाप्रत हाती आली की भावनेच्या भरात लगेच पुढचा अर्ज करू नका. आधी पानांची संख्या मोजा, पुरवण्या सगळ्या आहेत का बघा, प्रत्येक उपप्रश्नापुढे गुण दिले आहेत का आणि ते पहिल्या पानावरच्या तक्त्यात तसेच उतरले आहेत का, हे पेन्सिलीने जुळवा. मग प्रत विषयशिक्षकांना दाखवा. कोणत्या उत्तराला किती गुण वाढू शकतात, हे त्यांनी उत्तरावर बोट ठेवून सांगितले तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरा. अनुत्तीर्ण असेल तर पुनर्मूल्यांकनाच्या निकालाची वाट बघत न थांबता पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फत लगेच द्या. तिची मुदत स्वतंत्र असते, आणि पुनर्मूल्यांकन चालू आहे म्हणून ती थांबत नाही.